महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला किती?



आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘गुंतवणुकीवरचा परतावा कसा समजून घ्यायचा आणि कसा मोजायचा’. सुरुवातीलाच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही आणि मुफ्तीही नाही. त्यामुळे पैसे कुठे लावा हे मी सांगणार नाही, आणि कुठली गुंतवणूक जायज, कुठली नाही, याचा फतवाही माझ्याकडे नाही. मी फक्त हिशेब सांगणार आहे. पण हा हिशेब न केल्यामुळे आमच्या घरात काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे विषय कोरडा वाटणार नाही.

माझी फुफी सोलापूरला राहते. आजोबांची जमीन विकली गेली तेव्हा अब्बांनी तिचा वारसाहक्काचा हिस्सा तिला दिला. आपल्याकडे बहिणींना ‘माफ केलं म्हण’ असं सांगून गप्प बसवण्याची पद्धत किती घरांत आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच. अब्बांनी तसं केलं नाही. फुफीच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे चार लाख रुपये आले. बँकेत एफडी करायची नव्हती, व्याज नको होतं. तेवढ्यात ओळखीच्या एका माणसाने योजना आणली. सोन्याचा व्यापार, शंभर टक्के हलाल, व्याज नाही, ‘नफा’. दर महिन्याला तीन टक्के. म्हणजे चार लाखांवर महिन्याला बारा हजार.

फुफीने मला फोन केला. म्हणाली, “बेटा, तू इंजिनिअर आहेस, जरा बघ रे.”

मी बघितलं. काय बघितलं? त्यांचं अ‍ॅप. लॉगिनला ओटीपी येत होता, वेबसाइटवर कुलपाचं चिन्ह होतं, प्रत्येक महिन्याच्या नफ्याची नोंद रंगीत आलेखात दिसत होती. मी म्हणालो, “फुफी, अ‍ॅप तर नीट बनवलंय.” तिने त्याचा अर्थ ‘भाच्याने तपासलं’ असा घेतला. तिचा दोष नाही, कुणीही तोच अर्थ घेतला असता. चौदा महिने बारा-बारा हजार वेळेवर आले. पंधराव्या महिन्यात आले नाहीत. मग ऑफिसला टाळं, फोन बंद. कंपनीचं नाव मी घेत नाही. तक्रार दाखल आहे. चार लाख गेले, एक लाख अडुसष्ट हजार परत आले. दोन लाख बत्तीस हजार रुपये बुडाले, म्हणजे मुद्दलाचे अठ्ठावन्न टक्के.

बारावीनंतर चार वर्षं मी इंजिनिअरिंगचं गणित केलं आहे. ‘महिना तीन टक्के’ हे ऐकल्यावर दोन मिनिटांत जो हिशेब करता आला असता, तो मी केला नाही. तो आज तुमच्यासमोर करतो.

महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला किती? बहुतेक जण म्हणतील छत्तीस. तीन बारे छत्तीस. पण पैसे दर महिन्याला हातात येतात, ते परत त्याच कामाला लावता येतात. म्हणून शंभराचे पहिल्या महिन्यानंतर १०३, दुसऱ्या महिन्यानंतर १०६.०९, असं बारा वेळा करत गेलं की वर्षाअखेरीस १४२.५८ होतात. वर्षाचा खरा दर ४२.६ टक्के. आता हाच दर पुढे चालवू. दरमहा तीन टक्क्यांनी चार लाख वीस वर्षं वाढत राहिले तर किती होतील? ४८ कोटी. सोलापुरात राहणारी माझी फुफी, काहीही न करता, ४८ कोटींची मालकीण. ज्याच्याकडे असा धंदा खरोखर आहे, तो माणूस दारोदार फिरून लोकांचे चार-चार लाख कशाला गोळा करील? स्वतःचे दहा लाख लावून वीस वर्षं घरी बसेल, १२० कोटी होतील.

दुसरा हिशेब याहून सोपा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शंभर भागिले तीन म्हणजे साधारण तेहतीस. एखाद्या कंपनीने तुमचे पैसे घेऊन कुठलाही धंदा केला नाही, नुसते कपाटात ठेवले, तरी ती तेहतीस महिने तुमचेच पैसे तुम्हाला ‘नफा’ म्हणून देऊ शकते. फुफी चौदा महिन्यांनी मोहल्ल्यातल्या बायकांना सांगायची, “एक दिवस उशीर झाला नाही.” ते खरंच होतं. पण त्या चौदा महिन्यांनी काहीच सिद्ध होत नव्हतं. तेहतीस महिन्यांपर्यंत वेळेवर मिळालेले पैसे हा धंदा चालू असल्याचा पुरावा नाही. आणि त्या बायकांनी मग स्वतःचे पैसे टाकले, हे सांगायला मला आजही जड जातं.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९ साली बंगळुरूची आयएमए बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे त्यात होते. तिथेही ‘हलाल’ हा शब्द पुढे होता. आपल्या माणसाला व्याज नको असतं, हे ज्यांना कळतं ते त्याचा बाजार मांडतात. म्हणून हा हिशेब इतर कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त यायला हवा.

आता कुणीतरी म्हणेल, दर, टक्के, चक्रवाढ, ही तर व्याजाचीच भाषा झाली. मलाही अनेक वर्षं तसंच वाटायचं. पण परताव्याचा दर काढणं म्हणजे व्याज घेणं नव्हे. ताप मोजल्याने ताप येत नाही. तुम्ही मित्राच्या दुकानात भागीदारी केली, मुदारबाच्या नियमाने केली, वर्षाअखेरीस नफ्यातला तुमचा वाटा मिळाला, तरी तो तुमच्या भांडवलाच्या किती टक्के होता हे काढता येतंच. फरक कुठे आहे? मुदारबात आधी ठरतं ते नफ्याच्या वाटणीचं प्रमाण. नफा झाला तर त्यातला निम्मा तुझा, निम्मा माझा. भांडवलावर अमुक टक्के मिळतीलच, असं ठरत नाही, आणि धंद्यात तोटा झाला तर भांडवलाचा तोटा भांडवल लावणाऱ्याचा असतो. दर शेवटी मोजला जातो. म्हणजे ‘व्याज नाही, नफा आहे, महिना तीन टक्के पक्के’ या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडत आहेत. पक्का आकडा आधीच ठरला असेल तर तो धंद्यातल्या नफ्याचा वाटा नाही. फिकह आणि अंकगणित, दोघेही इथे एकच बोट दाखवतात. हे मला कळायला फुफीचे पैसे जावे लागले.

मूळ हिशेबाकडे येऊ. परताव्यासाठी तीन गोष्टी लागतात. किती घातले, किती मिळाले, आणि कधी. पहिल्या दोन सगळे विचारतात. तिसरी गोष्ट, तारीख, बोलताना गळून पडते. ‘वीस लाखांचा फ्लॅट पन्नास लाखांना गेला’ असं अभिमानाने सांगतात, पण मध्ये किती वर्षं गेली ते सांगत नाहीत.

तोच फ्लॅट घेऊ. समजा कोंढव्यात २०१० मध्ये २० लाखांना घेतला आणि २०२४ मध्ये ५० लाखांना विकला. अडीच पट. ऐकायला दीडशे टक्के नफा. चौदा वर्षांनी भागून ‘वर्षाला पावणेअकरा टक्के’ म्हणणारेही भेटतील, पण तसं भागायचं नसतं, कारण दर वर्षीची वाढ आदल्या वर्षीच्या वाढलेल्या रकमेवर होते. शेवटची रक्कम भागिले सुरुवातीची रक्कम, त्याचं चौदावं मूळ, वजा एक. गूगल शीट्समध्ये =(५०/२०)^(१/१४)-१ असं लिहायचं, फक्त आकडे इंग्रजी अंकांत टाका, नाहीतर ते रुसतं. उत्तर येतं ६.८ टक्के. आता खरेदीच्या वेळची स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि सोसायटीचे पैसे धरून दीड लाख वर गेले असतील, विकताना दलालाला एक लाख दिले असतील, तर २१.५ लाखांचे ४९ लाख झाले. दर उतरला ६.१ वर. त्यावर कर आहे, मेंटेनन्स आहे. उलट बाजूने, तुम्ही त्या घरात चौदा वर्षं राहिलात आणि भाडं वाचलं, तर तेही उत्पन्नच आहे, ते मिळवायला हवं. फ्लॅट वाईट असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, ‘अडीच पट’ हे उत्तर नाही.

तोंडी हिशेबासाठी बहात्तरचा नियम लक्षात ठेवा. ७२ ला वर्षांनी भागा, पैसे दुप्पट होण्यासाठी लागणारा वर्षाचा दर साधारण तेवढा निघतो. सहा वर्षांत दुप्पट, म्हणजे बारा टक्के. बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे सहा टक्के. ‘दोन वर्षांत दुप्पट’ म्हणाला तर छत्तीस. खरं उत्तर ४१.४ आहे, मोठ्या दरांना हा नियम जरा कमी दाखवतो, पण असल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावण्यापुरता छत्तीसचा आकडा पुरे.

सोन्याचं घ्या. एक लाखाचं सोनं, त्यावर दहा टक्के मजुरी धरली, आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी. दुकानातून बाहेर पडताना तुमचे गेले १,१३,३००. मोडायला गेलात तर मजुरी आणि जीएसटी कुणी परत देत नाही. सात वर्षांत सोन्याचा भाव दुप्पट झाला तर भावाची वाढ वर्षाला १०.४ टक्के झाली, पण तुमच्या दागिन्याचा परतावा ८.५ टक्केच. घट धरली तर आणखी कमी. अम्मीला हे सांगू नका. दागिना अंगावर घालण्याचं सुख वेगळं आहे आणि ते कुठल्या रकान्यात बसत नाही. पण ‘गुंतवणूक म्हणून’ हा शब्द वापरला की मजुरी रकान्यात लिहावी लागते.

इथपर्यंत सोपं होतं, कारण पैसे एकदा घातले आणि एकदा मिळाले. खऱ्या आयुष्यात तसं क्वचित असतं. विमा पॉलिसीचा हप्ता दर वर्षी जातो. एसआयपी दर महिन्याला जाते. भागीदारीत अधूनमधून काहीतरी हातात येतं. इथेच माणसं फसतात, आणि फसवणाऱ्याला खोटंही बोलावं लागत नाही.

आपल्या घरांत असते तशी एक पॉलिसी समजा. वर्षाला पन्नास हजार हप्ता, वीस वर्षं, शेवटी सतरा लाख. एजंट म्हणतो, “दहा लाख भरा, सतरा लाख घ्या, सत्तर टक्के फायदा.” आकडे खरे आहेत. पण दहा लाख वीस वर्षं अडकलेले नव्हते. पहिला हप्ता वीस वर्षं अडकला, दुसरा एकोणीस, शेवटचा एकच वर्ष. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेदहा वर्षं आत होता. साडेदहा वर्षांत १०० चे १७०, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. हा झाला अंदाज. नेमका हिशेब केला तर ४.८ टक्के येतो. वीस वर्षांसाठी ४.८. त्या हप्त्यातला काही भाग विम्याच्या संरक्षणासाठी गेला हे मान्य, तो फुकट नव्हता. पण मग विमा किती आणि गुंतवणूक किती, हे वेगळं विचारा. अशा पॉलिसीत व्याज आहे की नाही हा प्रश्न त्याहून वेगळा, तो आलिमांना विचारा. मजा अशी की कित्येक घरांत व्याज नको म्हणून एफडी करत नाहीत आणि ही पॉलिसी मात्र न विचारता घेतात, कारण तिच्यावर ‘व्याज’ हा शब्द छापलेला नसतो.

‘नेमका हिशेब’ म्हणालो, तो कसा होतो ते एका लहान उदाहरणावर हाताने करून दाखवतो. शीटमध्ये त्याला एक्सआयआरआर म्हणतात. नाव भारी आहे, आत लहानपणीचा खेळ आहे. मी मनात एक आकडा धरलाय, तुम्ही ओळखा, मी सांगतो ‘जास्त’ किंवा ‘कमी’.

तुम्ही मित्राच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक लाख रुपये लावले. वर्षाने वाटा म्हणून तीस हजार मिळाले. दुसऱ्या वर्षाअखेरीस हिशेब संपवला, पंच्याण्णव हजार मिळाले. एकूण सव्वा लाख. घाईत कुणी म्हणेल, दोन वर्षांत पंचवीस टक्के, म्हणजे वर्षाला साडेबारा. पण तीस हजार वर्षभर आधीच हातात आले होते, त्याचा फायदा मोजलाच नाही.

म्हणून असा प्रश्न विचारू. वर्षाचा दर दहा टक्के असता, तर वर्षाने मिळणाऱ्या तीस हजारांची आजची किंमत किती? तीस हजार भागिले १.१०, म्हणजे २७,२७३. दोन वर्षांनी मिळणाऱ्या पंच्याण्णव हजारांची? दोनदा १.१० ने भागायचं, ७८,५१२. बेरीज १,०५,७८५. आपण घातले होते एक लाख. बेरीज जास्त आली, म्हणजे आपला अंदाज कमी होता, खरा दर दहापेक्षा वर आहे. पंधरा धरून बघू. २६,०८७ आणि ७१,८३४, बेरीज ९७,९२१. आता कमी आली, म्हणजे पंधरा जास्त झाले. उत्तर दहा आणि पंधराच्या मध्ये. साडेतेरा धरले तर १,००,१७७. जवळ आलो. १३.६ धरले तर १,००,०२३. झालं. दर १३.६ टक्के.

संगणकही हेच करतो, फक्त क्षणात. त्याला आपण दोन रकाने द्यायचे. एकात तारखा, दुसऱ्यात रकमा. खिशातून गेलेली रक्कम वजा चिन्ह लावून, खिशात आलेली तशीच. अजून पैसे आत असतील तर शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आज काढले तर हातात येईल ती रक्कम. मग एक्सआयआरआर लिहून दोन्ही रकाने दाखवायचे, आधी रकमा, मग तारखा. चूक आली तर नव्वद टक्के वेळा वजा चिन्ह विसरलेलं असतं, किंवा तारीख शीटने अक्षरं म्हणून वाचलेली असते.

हेच यंत्र उलट्या बाजूनेही चालतं. बाईकसाठी एक लाखाचं कर्ज, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’, दोन वर्षं. वीस हजार व्याज मिळवून एक लाख वीस हजार, चोवीस हप्ते, दरमहा पाच हजार. रकाने भरा. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं, पण व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं असतं. महिन्याचा दर दीड टक्क्याच्या जरा वर निघतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ वीस. ‘फ्लॅट’ हा शब्द ऐकला की दर जवळजवळ दुप्पट धरायचा.

भिशीचं काय, असं मागच्या वेळी एका बहिणीने विचारलं होतं. दहा जणी, पाच हजार, दहा महिने, लिलाव नाही, चिठ्ठी काढून नंबर. हिच्यात एकूण परतावा शून्य. पहिल्या नंबरवालीला बिनव्याजी उसने मिळतात आणि शेवटची ते देते. आळीपाळीने दिलेला कर्ज-ए-हसना, दुसरं काही नाही, आणि मला तरी ही फार सुंदर रीत वाटते. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

आता अ‍ॅपवरच्या आकड्यांबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये म्युच्युअल फंड आहेत. टाटा एथिकल फंड किंवा निफ्टी फिफ्टी शरिया निर्देशांकावर चालणारा ईटीएफ, ही नावं तुम्ही ऐकली असतील. मी शिफारस करत नाही, आकडा कसा वाचायचा तेवढं सांगतो. तीन वर्षांच्या एसआयपीवर अ‍ॅप ‘एकूण परतावा अठरा टक्के’ दाखवत असेल, तर पैसे सरासरी दीडच वर्ष आत होते, म्हणजे वर्षाला अकरा-बारा. इथे एकूण आकड्याला सरळ तीनने भागलं तर स्वतःवर अन्याय. उलट, पैसे टाकून एकच महिना झाला आणि चार टक्के वाढले, तर एक्सआयआरआर साठ टक्के दाखवेल, कारण तो एका महिन्याचा वेग बारा महिने चालेल असं धरतो. वर्ष पुरं होईपर्यंत तो आकडा बघूच नका, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तर मुळीच लावू नका. आणि उत्पन्नातला जो भाग शुद्धीसाठी सदका करता, तो काढून टाकल्यावर उरतो तो तुमचा परतावा.

सरासरीपासूनही जपा. एका वर्षी पन्नास टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के घट, सरासरी शून्य. पण शंभराचे दीडशे झाले आणि दीडशेचे पंच्याहत्तर. वर्षाला १३.४ टक्के तोटा. जाहिरातीत ‘सरासरी वार्षिक परतावा’ दिसला की विचारा, सुरुवातीचे शंभर शेवटी किती झाले?

मग काहीच नको, पैसे कपाटात बरे, असं फुफी आता म्हणते. तिच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो असतो. पण कपाटाचाही एक दर असतो, आणि तो शून्य नसतो. जकात अडीच टक्के, चांद्रवर्षाला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून इंग्रजी कॅलेंडरने ती वर्षाला २.५८ टक्के पडते. एक लाख रुपये निसाबच्या वर असलेल्या मालात पडून आहेत, जकात त्यातूनच जाते आहे, तर दहा वर्षांनी ७७ हजार राहतील. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर त्या ७७ हजारांत आजच्या ४७ हजारांचाच माल येईल. जकात हा तोटा नाही, ती हक्कदारांची अमानत आहे, हे मला सांगायला नको. पण ती कुठून जाणार हे तरी ठरवावं लागेल ना? इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर यांचा सल्ला नोंदलेला आहे की अनाथांचा माल व्यापाराला लावावा, म्हणजे जकातीने तो संपत जाणार नाही. पडून राहिलेल्या पैशाचा दर उणे असतो, हे त्या काळी ओळखलेलं होतं.

तेव्हा ‘किती मिळतील’ या प्रश्नाला पर्याय नाही. तो नीट विचारायचा. दर वर्षाचा सांगा. खर्च वजा करून सांगा. महागाई धरून किती उरतं ते मी काढतो: ८ टक्के मिळाले आणि महागाई ५, तर १.०८ भागिले १.०५, म्हणजे २.९ टक्के. मग, हा दर आधीच पक्का असेल तर कुठल्या धंद्यातून येतो? तोटा झाला तर कुणाचा? आणि कुणाच्या परवानगीने पैसे गोळा करता? हा शेवटचा प्रश्न दराचा नाही, पण दर कितीही गोड असला तरी विचाराच. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे माहिती बघता येते आणि तक्रारही करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा त्याच्याही आधीचा, १९९९ चा. फुफीच्या कागदावर ‘ठेवीदार’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, ‘भागीदार’ लिहिलं होतं. ती भागीदार होती, पण चौदा महिन्यांत तिला एकदाही धंद्याचा ताळेबंद दाखवला नव्हता. तिने मागितला नाही, आणि मी तिला माग म्हणालो नाही.

कुरआनातली सगळ्यात लांब आयत कुठली, माहीत आहे ना? सूरह बकरातली २८२. विषय काय? मुदतीच्या देण्याघेण्याचं लिखित. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहून ठेवा, कंटाळू नका, असं तिथे बजावलेलं आहे. रक्कम आणि मुदत. आपले दोन रकाने. फुफीची तक्रार लिहायला बसलो तेव्हा कळलं की तिने चौदा हप्त्यांपैकी सहाच डायरीत लिहिले होते. अ‍ॅप बंद पडलं होतं, रंगीत आलेखांसकट. बाकीचे हप्ते बँकेच्या पासबुकातून एक-एक करून शोधावे लागले. तीन तास लागले आम्हाला. शेवटची ओळ लिहून झाल्यावर तिने मला विचारलं, “हे सुरुवातीलाच केलं असतं तर रे?” मी गप्प बसलो.

हल्ली तिच्याकडे कुणी योजना घेऊन आलं की ती डायरी पुढे सरकवते आणि म्हणते, इथे तारीख लिहा, इथे रक्कम, आणि खाली सही करा. आतापर्यंत दोघे आले होते. दोघांनीही सही केली नाही.

माझा वेळ संपला. मागच्या टेबलावर लॅपटॉप चालू आहे, रकाने आखून ठेवले आहेत. काही जणांनी घरातल्या पॉलिसीचे कागद आणलेत असं दिसतंय. हप्त्याची पावती आणि पॉलिसीचं पहिलं पान घेऊन या, मगरिबच्या आधी दहा-बारा जणांचं नक्की होईल. राहिलेल्यांना शीट पाठवतो, घरी करून बघा.